आधी टीबी, की आधी एचआयव्ही?

(मंडळाच्या आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



जेवणाच्या आधीचं भाषण, आणि तेही दोन भयंकर रोगांवर! आमच्या कार्यकारिणीने मला बजावलंय, "डॉक्टर, पाऊण तासाच्या वर नको, आणि लोकांना घाबरवू नका." पहिली अट पाळायचा प्रयत्न करतो. दुसरीबद्दल खात्री देत नाही.

विषय आहे क्षयरोग आणि एचआयव्ही एकाच माणसाला झाले तर उपचार कसे करायचे. तुम्ही म्हणाल, न्यू जर्सीत राहून आम्हाला याचं काय? म्हणून सुरुवात आपल्या जवळच्याच एका गोष्टीने करतो.

इथून तासा-दीड तासावर फिलाडेल्फिया. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून मार्च १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. आजार क्षयाचा. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात, पोकिप्सी गावी, त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. आपल्यापैकी काही जण तिथे जाऊन आले असतील.

रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं, ती तारीख २४ मार्च १८८२. म्हणजे आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हा शत्रू कोण ते कळलेलं होतं, पण हातात हत्यार नव्हतं. ते हत्यार यायला आणखी साठ वर्षं जावी लागली. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडलं, आणि तेही कुठे? आपल्याच न्यू जर्सीत, रटगर्समध्ये! आपली निम्मी मुलं जिथे शिकतात तिथे. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

आता हे दोन रोग एकमेकांना कसे भेटतात ते सांगतो.

जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या शरीरात क्षयाचा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. लहानपणी गर्दीच्या चाळीत, लोकलमध्ये, शाळेत. पण शिरला म्हणजे रोग झाला असं नाही. आपली प्रतिकारशक्ती त्या जंतूभोवती पेशींचं कडं करते आणि त्याला कोंडून ठेवते. राखेखाली निखारा असावा तसा तो पडून राहतो. अशा शंभर लोकांपैकी पाच-दहा जणांनाच जन्मभरात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. बाकीचे नव्वद म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात.

हे कडं ज्या पेशींच्या जोरावर उभं असतं त्यांना सीडी ४ पेशी म्हणतात. एचआयव्ही नेमका त्याच पेशी मारतो. राख उडते, निखारा उघडा पडतो. जन्मभरात पाच-दहा टक्के असलेली ही शक्यता, एचआयव्हीवर औषध नसेल तर, दर वर्षाला जवळजवळ तेवढी होते.

दुसरी अडचण अशी की अशा माणसाचा टीबी ओळखूच येत नाही. फुप्फुसात पोकळ्या पडतात, बेडक्यात जंतू दिसतात, हे सगळं होण्यात आपल्या प्रतिकारशक्तीच्या झुंजीचाही हात असतो. झुंजच नसेल तर एक्स-रे साधा दिसतो, बेडक्यात जंतू सापडत नाही, आणि रोग मात्र गाठींत, पोटात, मेंदूच्या आवरणात पसरलेला असतो. २०१० च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीन-एक्सपर्ट या यंत्राला मान्यता दिली. ते दोन तासांत जंतूची जनुकं शोधतं आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतं. त्याआधी आम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचो आणि बरेचदा अंदाजानेच औषध सुरू करायचो.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. वडिलांच्या नावाने त्यांनी १९९३ मध्ये तिथे एड्सच्या रुग्णांसाठी केंद्र काढलं. बाकीचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते तेव्हा त्या रुग्णांशेजारी बसत. २०१५ मध्ये त्या गेल्या. आपल्या मंडळात कर्तबगार मराठी स्त्रियांची यादी दरवर्षी वाचली जाते, तीत हे नाव मी तरी कधी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी घाला, एवढी विनंती.

आता माझी गोष्ट. ती सांगायची की नाही यावर मी बराच विचार केला.

साल २००१. मी तेव्हा मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात काम करत होतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी एक घोषणा करून जगाला धक्का दिला होता. एचआयव्हीच्या ज्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च पाश्चात्त्य कंपन्यांच्या भावाने दहा हजार डॉलरच्या वर जायचा, ती ते आफ्रिकेत काम करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायला तयार झाले. भारतात सरकारी मोफत औषधं सुरू व्हायला मात्र १ एप्रिल २००४ उजाडावं लागलं. मधल्या काळात ज्याच्या खिशात पैसे त्याला औषध.

सातारकडचा एक माणूस वॉर्डात आला. पस्तिशीचा. गोदीत कामाला. बेडक्यात टीबी, रक्तात एचआयव्ही. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. बायको सोबत होती. दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, भावानं जमीन गहाण टाकलीय. त्या दुसऱ्या आजाराच्या गोळ्या पण चालू करा."

मी म्हणालो, "ताई, घाई करू नका. आधी टीबीचा कोर्स पुरा होऊ दे. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. तो संपला की दुसऱ्या गोळ्या सुरू करू. पैसेही वाचतील."

चौथ्या महिन्यात तो गेला. टीबीच्या गोळ्या एकही न चुकवता.

मी तिला जे सांगितलं ते निष्काळजीपणाने नव्हतं, मंडळी. त्या काळी पुष्कळ चांगले डॉक्टर तेच सांगत, आणि त्याला कारणं होती. एक, गोळ्यांचा ढीग. टीबीची चार औषधं, एचआयव्हीची तीन, शिवाय इतर. उलट्या, कावीळ, अंगावर पुरळ आलं तर कुठल्या गोळीने आलं ते कळायचं नाही. दोन, रिफाम्पिसिन आपल्या लिव्हरला कामाला लावतं. समजा, घरात साफसफाईला एक बाई होती, रिफाम्पिसिन आल्यावर दहा आल्या. त्या कचऱ्याबरोबर कामाच्या वस्तूही बाहेर फेकतात. तशी एचआयव्हीची काही औषधं शरीराबाहेर फेकली जातात आणि रक्तात पुरेशी उरत नाहीत. आणि तीन, 'आयरिस' नावाचा प्रकार. एचआयव्हीची औषधं सुरू झाली की झोपलेली प्रतिकारशक्ती अचानक जागी होते, सगळीकडे पसरलेले टीबीचे जंतू तिला दिसतात आणि ती तुटून पडते. ताप चढतो, गाठी सुजतात, छातीत पाणी होतं. सुधारत असलेला पेशंट औषधाने बिघडला असं वाटतं.

तेव्हा थांबावं, हे म्हणणं शहाणपणाचं वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. थांबलं तर किती लोक जगतात आणि न थांबता दिलं तर किती, हे कुणी मोजलंच नव्हतं.

ते मोजलं दक्षिण आफ्रिकेत, दरबानला. हो, तेच दरबान, गांधीजी जिथे उतरले ते. डॉ. सलीम अब्दुल करीम आणि डॉ. कुरेशा अब्दुल करीम हे तिथलं भारतीय वंशाचं संशोधक दांपत्य. त्यांच्या संस्थेने २००५ च्या जूनपासून दोन्ही आजार असलेले ६४२ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट पाडले. टीबीचे उपचार सगळ्यांना. दोन गटांना टीबीचे उपचार चालू असतानाच एचआयव्हीची औषधं दिली, एकाला लगेच, दुसऱ्याला पहिले दोन महिने झाल्यावर. तिसऱ्या गटाला टीबीचा कोर्स संपल्यावर. म्हणजे तिसरा गट माझ्या सल्ल्याचा गट!

अशा अभ्यासावर एक स्वतंत्र समिती नजर ठेवते. संशोधकांना स्वतःला मधले आकडे दाखवत नाहीत, समितीला दाखवतात. सप्टेंबर २००८ मध्ये समितीने आकडे पाहिले आणि सांगितलं, थांबा, तिसऱ्या गटातल्या सगळ्यांना ताबडतोब औषध सुरू करा. एकत्र औषधं घेणाऱ्या ४२९ जणांत २५ मृत्यू झाले होते. थांबवून ठेवलेल्या २१३ जणांत २७. गट निम्मा, मृत्यू जास्त. वर्षाचा हिशोब केला तर दर शंभर रुग्णांमागे एकीकडे पाच, दुसरीकडे बारा. एकत्र उपचारांनी मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी झाले होते. २०१० मध्ये हा निबंध छापून आला. मी तोवर इकडे आलो होतो. निबंध एकदा वाचला, परत वाचला, आणि मग बराच वेळ गाडीत बसून राहिलो.

पुढचा प्रश्न असा होता की एकत्र द्यायची खरी, पण नक्की कधी? कंबोडियात ६६१ रुग्णांचा अभ्यास झाला. हे लोक फारच खंगलेले. निरोगी माणसात सीडी ४ पेशी ५०० च्या वर असतात, यांच्यातल्या निम्म्यांच्या २५ किंवा त्याहून कमी. काहींना दोन आठवड्यांनी औषध दिलं, काहींना आठ आठवड्यांनी. दोन आठवडेवाल्या ३३२ पैकी ५९ गेले, आठ आठवडेवाल्या ३२९ पैकी ९०. फक्त सहा आठवड्यांचा फरक! 'आयरिस'चा त्रास लवकर औषध घेणाऱ्यांना जास्त झाला, सुमारे अडीचपट. आम्हाला ज्याची भीती होती ते खरं होतं. पण त्रास झाला तरी बहुतेक माणसं त्यातून निभावली, आणि थांबलेली माणसं मात्र गेली. त्याच २०११ सालात चार खंडांत झालेल्या आणखी एका अभ्यासानेही हेच दाखवलं. ज्यांच्या पेशी ५० च्या खाली, त्यांना थांबणं परवडत नाही. ज्यांच्या जास्त, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. टीबी मेंदूच्या आवरणाला झाला असेल तर घाई करायची नाही. व्हिएतनाममध्ये २५३ रुग्णांवर अभ्यास झाला. लगेच औषध देऊन जास्त माणसं वाचली नाहीत, आणि गंभीर त्रास मात्र वाढले. कवटी हाडाची असते, आत सूज आली तर ती जाणार कुठे? म्हणून तिथे चार ते आठ आठवडे थांबतात. बाकी सगळ्यांसाठी, सीडी ४ कितीही असो, टीबीचे उपचार सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीची औषधं द्यावीत, असं २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं.

'आयरिस'वरही उपाय निघाला. केपटाऊनला २४० रुग्णांवर प्रयोग झाला. धोका जास्त असलेल्या रुग्णांना पहिले चार आठवडे प्रेडनिसोन, म्हणजे साधं, जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिलं. 'आयरिस'चं प्रमाण ४७ टक्क्यांवरून साडेबत्तीसवर आलं. आणि त्या दहा बायांचं काय? तर डोल्युटेग्राविर हे आताचं मुख्य औषध रिफाम्पिसिनबरोबर दिवसातून एकदाऐवजी दोनदा देतात. घराबाहेर जास्त फेकलं जातं ना, मग घरात जास्त आणा!

आता आपल्या भारताचं थोडं. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेने १९५६ पासून जगाला शिकवलंय. क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरी राहून औषध दिलं तरी तो तितकाच बरा होतो, हे १९५९ मध्ये त्यांनीच दाखवलं. त्याच संस्थेने २००९ ते २०१६ मध्ये एक प्रश्न तपासला. आपल्या सरकारी योजनेत टीबीच्या गोळ्या आठवड्यातून तीनदाच देत असत. देखरेख सोपी, खर्च कमी. पण एचआयव्ही असलेल्यांना हे पुरतं का? ३३१ रुग्ण घेतले. रोज गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९१ टक्के बरे झाले, तीनदा घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के. शिवाय तीनदावाल्यांत चौघांच्या जंतूंनी रिफाम्पिसिनला दाद देणं सोडलं, रोजवाल्यांत एकाच्याही नाही. २०१७ पासून भारतात सगळ्याच टीबी रुग्णांना रोज गोळ्या सुरू झाल्या. वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत तपासून ती कमी पडते हे आपल्याच सरकारी संस्थेने सांगणं, याला हिंमत लागते.

दाद न देणारा टीबी म्हणजे काय ते जगाला २००६ मध्ये कळलं. दक्षिण आफ्रिकेत तुगेला फेरी नावाचं एक खेडं आहे. तिथल्या हॉस्पिटलात जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणारा टीबी ५३ जणांत सापडला. ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली होती त्यांतले सगळे पॉझिटिव्ह. ५३ पैकी ५२ गेले, त्यातले निम्मे तपासणीला बेडका दिल्यापासून सोळा दिवसांच्या आतच. हा आकडा मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा वर्ग गप्प होतो.

आणि त्याच देशात काही वर्षांनी तीन गोळ्यांचा नवा उपचार तपासला. बेडाक्विलिन, प्रेटोमानिड आणि लिनेझोलिड. असेच हट्टी टीबीचे १०९ रुग्ण, त्यातले निम्मे एचआयव्हीवाले. नव्वद टक्के बरे झाले, सहा महिन्यांत, इंजेक्शनाशिवाय. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, तो त्रास पुष्कळांना झाला, हेही सांगायला हवं. पण ५३ पैकी एक आणि शंभरातले नव्वद, हा फरक बघा. आधीच्या इंजेक्शनांनी तर कान जायचे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि केपटाऊनच्या फुमेझा टिसिले या दोघींची ऐकण्याची शक्ती अशीच गेली. बेडाक्विलिनच्या पेटंटला भारतात मुदतवाढ मिळू नये म्हणून या दोघींनी अर्ज केला, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. स्वस्त औषधाचा रस्ता मोकळा झाला.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र रोग होण्याआधीचा. एचआयव्ही असलेल्यांना सहा महिने आयसोनियाझिड दिलं तर किती फायदा होतो हे आयव्हरी कोस्टमध्ये दोन हजारांवर लोकांत तपासलं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. आता एक महिन्याचा कोर्ससुद्धा आहे. २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात तो नऊ महिन्यांच्या जुन्या कोर्सइतकाच उपयोगी ठरला.

एवढं सगळं कळल्यावर मृत्यू थांबायला हवेत ना? २०२३ मध्ये जगात टीबीने साडेबारा लाख माणसं गेली. त्यातली १ लाख ६१ हजार एचआयव्ही असलेली. यातले बहुतेक मृत्यू ज्ञान नव्हतं म्हणून झाले नाहीत. ज्ञान होतं, ते पोचलं नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी दवाखान्यांचं काम २००३ पासून अमेरिकेच्या पैशावर चाललं होतं. आपल्या टॅक्समधून गेलेला तो पैसा. २०२५ च्या जानेवारीत परदेशी मदत अचानक रोखली गेली तेव्हा अनेक ठिकाणी दवाखाने बंद पडले, अभ्यास अर्धवट थांबले. त्यावर मत कसं असावं हे मी सांगणार नाही. पण औषध सहा आठवडे उशिरा मिळालं तर काय होतं, ते कंबोडियाचे आकडे सांगतात.

आता आपल्यापुरतं. अमेरिकेत टीबी होणाऱ्या दर चारांपैकी साधारण तीन जण बाहेरच्या देशात जन्मलेले असतात. म्हणजे या हॉलमधले आपण. त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह आली की आपले लोक म्हणतात, "अहो, लहानपणी बीसीजी टोचलंय, त्यामुळे आली." आता रक्ताची चाचणी मिळते, बीसीजीने ती फसत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर निखारा आहे असं समजा आणि डॉक्टर सांगतील तो कोर्स पुरा करा. विशेषतः मधुमेह असेल, संधिवाताची नवी इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड चालू असतील तर. आईवडील इकडे आले आणि खोकला तीन आठवडे हटत नसेल, वजन उतरत असेल, तर "हवामान मानवत नाही" म्हणून सोडून देऊ नका.

आणि टीबी निघाला तर एचआयव्हीची तपासणी प्रत्येकाची करायची. "आमच्या घरात असलं काही नाही" हे वाक्य मी मुंबईतही ऐकलं आणि इथेही ऐकतो. तपासणी म्हणजे आरोप नव्हे. आज एचआयव्ही असलेला माणूस वेळेवर औषध घेऊन पुरं आयुष्य जगतो, पण कळलं तर.

शेवटी पुन्हा त्या बाईंबद्दल. चहाच्या वेळी मी या भाषणाची टिपणं काढत होतो तेव्हा एका मित्राने विचारलं, "तू नंतर त्यांना सांगितलंस का, की सल्ला चुकला होता?"

नाही सांगितलं. नवरा गेल्यावर मी त्यांना त्यांचीही तपासणी करून घ्या म्हणालो. त्यांनी मान हलवली, गाठोडं उचललं आणि गावाला गेल्या. परत आल्या नाहीत. पत्ता हॉस्पिटलच्या कुठल्या तरी रजिस्टरमध्ये असेल. २०१० मध्ये तो निबंध वाचल्यावर पत्र लिहावं असं मनात आलं, पण लिहून काय सांगणार होतो? की ताई, तुमचं बरोबर होतं, "दोन्ही गोळ्या चालू करा" हे तुम्ही म्हणालात तेच नऊ वर्षांनी ६४२ माणसांनी सिद्ध केलं?

ते त्यांना सांगायचं राहिलं, म्हणून आज तुम्हाला सांगितलं. ती ६४२ माणसं, ती कंबोडियातली, व्हिएतनाममधली, चेन्नईतली, यांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत. मरणाच्या दारात असताना त्यांनी कागदावर सही केली, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी अंगठा दिला. त्यांच्यामुळे आजचा तरुण डॉक्टर माझ्यासारखा सल्ला देणार नाही.

वेळ संपली, वडे थंड होताहेत. प्रश्न असतील तर जेवताना विचारा, आणि कुणासमोर विचारायचे नसतील तर मला बाजूला गाठा.